दुसऱ्या नावाची जागा

आमच्या घरात लाल शाईच्या दौतीला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. ती दौत आबांची. आबा म्हणजे माझे वडील. भडगावला डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, आणि माझं सगळं बालपण त्या दवाखान्याच्या दारात असलेल्या त्यांच्या टेबलाच्या आसपास गेलं. दारात म्हणजे अगदी उंबऱ्याला लागून. आलेलं प्रत्येक माणूस आधी आबांच्या नजरेखालून जायचं. ते माणसाकडे बघायचे, मग चष्म्यावरून बघायचे, मग रजिस्टर उघडायचे. पुरुषाला फक्त नाव-गाव. बाईला मात्र आणखी दोन प्रश्न ठरलेले : "माहेर कोणतं? माहेरचं नाव काय?" एखादी सासू वैतागायची, "तापनी गोळी देवाले माहेर कशाले लागस हो आबा?" आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि उत्तर मिळेपर्यंत लेखणी उचलायचे नाहीत. त्यांची रजिस्टरं गावाप्रमाणे होती, आणि बायकांची पानं माहेरच्या गावाप्रमाणे. लाल शाई क्वचित उघडायची. ज्याला एखादं औषध बाधलं असेल त्याच्या नावापुढे आबा लाल अक्षरात लिहायचे, आणि ते लिहिताना दवाखान्यात कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

आमचं घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. सकाळी आईचा स्टोव्ह फरफरायला लागला की दवाखान्यात बाटल्या धुतल्याचा आवाज यायचा, आणि हे दोन आवाज एकमेकांत इतके मिसळून गेले होते की सुट्टीच्या दिवशी नुसता स्टोव्ह ऐकला तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची, पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा रगडायची आणि ठसका लागला की आम्हालाच रागावायची. आईचं नाव शोभा. ते तिचं लग्नातलं नाव. आमच्याकडे नवरी मांडवातून निघायच्या आत तिला नवं नाव मिळतं, आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्यावर राहतं. आई माहेरी द्वारका होती. वर्षातून एकदा मामा यायचा तेव्हा दारातूनच "द्वारके!" अशी हाक मारायचा, आणि आईचा चेहरा असा काही उजळायचा की मला तिचा हेवा वाटायचा. बाकी भडगावात कुणाला द्वारका ठाऊक नव्हती. ही गोष्ट मी इथे उगाच सांगत नाहीये.

लता माझ्या वर्गातली. लता आत्माराम पाटील. गिरणेच्या पलीकडच्या खेड्यातून पायी शाळेत यायची. नदीला पाणी असलं की वळसा घालून, नसलं की वाळूतून. तिच्या वडिलांचा वांग्याचा मळा होता, म्हणून हिवाळाभर तिच्या दप्तरात पुस्तकांच्या जोडीला भरताची वांगी असायची. ती आईच्या हातात द्यायची आणि बदल्यात आमच्याकडे हक्काने जेवायची. मी अबोल आणि जरा आखडू, ती बडबडी. आठवीत असताना तिच्या घशाला गाठी आल्या. डॉक्टरसाहेबांनी पेनिसिलीन सांगितलं. दवाखान्याचा नियम असा की नव्या माणसाला आधी हातावर टेस्टचा एक थेंब टोचायचा, थांबायचं, मग सुई. लताला तो एक थेंबच भोवला. ओठ सुजले, श्वास अडकला, बाकावरून ती खाली कोसळली. डॉक्टरसाहेब जागेवर होते म्हणून ती वाचली. त्या संध्याकाळी आबांनी लाल दौत उघडली आणि तिच्या नावापुढे लिहिलं : "पेनिसिलीन नाही. टेस्टचा थेंबसुद्धा नाही." खाली दोन रेघा ओढल्या. लताला त्याचं भलतंच कौतुक. शाळेत सगळ्यांना सांगत फिरली, "मी लाल शाईवाली शे, माझ्या वाटेला जाऊ नका."

पुढे तिचं लग्न ठरलं धुळ्याकडच्या एका गावात, आणि मी गेले जळगावला. पदवी झाल्यावर मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. हळदीला मी आले होते; लग्नाच्या दिवशी नेमकी परीक्षा. "परीक्षा काय पुन्हा येईल, माझं लग्न येईल का?" असं लता फणकाऱ्याने म्हणाली आणि लगेच हसली. मी गेले नाही. जळगावात मी काय शिकले ते आज सांगताना हसू येतं. चार कॉम्प्युटर, तीसजण, एक पंखा. पण मला त्या विषयाचा नाद लागला होता. माहितीचे तक्ते करायचे, त्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर क्षणात समोर. मी फार शेफारले होते. मला वाटायचं, जगातला सगळा पसारा नीट रकाने पाडले तर आवरता येतो. आता पन्नाशी उलटल्यावर जळगावातच एका तंत्रनिकेतनात मी हाच विषय शिकवते, आणि पहिल्या बाकावरची एखादी पोरगी तशाच चमकत्या डोळ्यांनी रकाने पाडताना दिसली की मी तिच्या बाकाशी जाऊन थांबते.

कोर्स संपवून परत आले आणि मीच डॉक्टरसाहेबांच्या मागे लागले. त्यांचं वय झालं होतं, दवाखाना वाढला होता, रजिस्टरांनी एक कपाट भरून दुसरं निम्मं भरलं होतं. "साहेब, हे सगळं एका डब्यात बसेल. नाव टाकायचं की माणसाचा इतिहास समोर," मी म्हणाले. ते आबांकडे बघत म्हणाले, "काय आबा, लेक म्हणते ते खरं का?" आबा म्हणाले, "ती शिकलेली आहे, साहेब." अभिमानानेच म्हणाले, यात मला शंका नाही. जळगावहून एक वापरलेला कॉम्प्युटर आला. रिक्षातून स्टँडपर्यंत, स्टँडपासून एसटीत माझ्या मांडीवर, चादरीत गुंडाळून. त्याला धूळ चालत नाही असं मी ठणकावून सांगितल्यामुळे त्याची सोय मागच्या खोलीत झाली. खिडकीला पडदा, दाराला पडदा, चपला बाहेर. त्या खोलीतून येणारं-जाणारं कुणी दिसायचं नाही. मला ते पसंतच होतं. आजारी माणसांची तोंडं बघत बसायला मी थोडीच शिकले होते?

डेटाबेस बसवायचा तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. कोर्सच्या सरांनी एक सीडी दिली होती आणि वहीच्या कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या. सीडी सरकवली, यंत्र घरघरायला लागलं. डॉक्टरसाहेब, जळगावहून नव्याने आलेल्या सिस्टर आणि आबा असे तिघे माझ्या पाठीशी उभे. आईने मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडायचा हट्ट धरला. "आई, पाणी उडेल!" म्हणून मी खेकसले, तिने नारळ अंगणात नेऊन फोडला. पट्टी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा तीन चतुर्थांश झालं आणि पुन्हा लाईट गेली. तिसऱ्या खेपेला सगळ्या फायली उतरल्या, तर सर्व्हर सुरूच होईना. लाल अक्षरात काहीतरी इशारा देऊन गप्प बसायचा. अर्धवट राहिलेल्या पहिल्या बसवणीचं उष्टं आत पडून होतं, हे कळायला मला दुपार लागली. ते सगळं पुसलं, फोल्डरचं नाव-ठिकाण सरांच्या कागदाबरहुकूम हाताने टाईप केलं, आणि सर्व्हर चालू झाला. बाकीचे केव्हाच पांगले होते. आबा तेवढे स्टुलावर बसून होते.

मग मी ती काळी खिडकी उघडली. ना चित्र, ना बटण. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. तिने आधी पासवर्ड मागितला. कुणालाही सुचणार नाही असा शब्द हवा, असं सरांनी बजावलं होतं. मी विचार केला आणि आईचं माहेरचं नाव टाकलं. द्वारका. भडगावात कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणजे त्याहून सुरक्षित काय असणार? माझी मलाच शाबासकी वाटली. आज वाटतं, बाईला दुसरं नाव असतं हे माझ्या हाताला कळलं होतं, डोक्याला नव्हतं. मी आबांना समजावून सांगत होते, "इथे वाक्य लिहायचं आणि शेवटी अर्धविराम द्यायचा. अर्धविराम दिला नाही तर ही पुढे काहीच करत नाही, नुसती बाण दाखवून वाट बघत बसते." आबांना ते आवडलं. म्हणाले, "म्हणजे पूर्ण ऐकून घेते. चांगली सवय शे."

त्यानंतर तक्ता करायचा होता. माझ्या वहीत आराखडा तयारच होता : नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, वय, टीप. पहिल्या चार गोष्टी मिळून एक माणूस. तेच चार शब्द दुसऱ्यांदा आले तर डेटाबेस नवी ओळ घेणार नाही. आबांनी ते रकाने बोटाने मोजले. मग म्हणाले, "बाईमाणसाचं काय?"

"काय म्हणजे?"

"तिले दोन नावं ऱ्हातस. माहेरनं एक, सासरनं एक. दोन नावेसले जागा ठेव, माय."

घरात आबा असेच खान्देशी बोलायचे, दवाखान्यात पुस्तकी. त्या दिवशी ते मागच्या खोलीत घरचं बोलत होते, आणि सिस्टर पडद्याआडून ऐकतायत याची मला लाज वाटत होती. मी म्हणाले, "आबा, कॉम्प्युटरमध्ये एका माणसाचं एकच नाव असतं. दोन नावं ठेवली की घोळ होतो. येईल तेव्हा जे सांगेल ते टाकायचं." आबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. त्यांनी कधी वाद घातला नाही माझ्याशी. ती त्यांची मोठी चूक म्हणावी लागेल. एक रकाना! एक ओळ लिहायची होती. अर्धविरामासकट एक ओळ. माझ्या अकलेला कसली घाई झाली होती कोण जाणे.

मग चार महिने आबा रजिस्टर वाचायचे आणि मी टाईप करायचे. त्यांचा आवाज संथ, गावागणिक जरा बदलणारा. काही नावांशी थांबून ते त्या माणसाची गोष्ट सांगायला लागायचे आणि मी "पुढे, आबा, पुढे" करायचे. लाल शाईतलं सगळं मी इमानाने टीपेत घातलं, त्यात कसूर केली नाही. पण पानांच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी काही लिहिलेलं असायचं. लग्नानंतर मुलीचा बाप पेढे घेऊन दवाखान्यात यायचा, तेव्हा आबा पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारायचे, "नाव काय ठेवलं पोरीचं? जावयाचं नाव? गाव?" आणि तिच्या जुन्या नावापुढे पेन्सिलीने टिपून ठेवायचे. पेन्सिलीने का, तर नशीब फिरून पोर परत आली तर पुसता यावं. लताच्या पानावरही तसं होतं. आबांनी वाचलं : "लता आत्माराम पाटील. लाल शाई. लग्नानंतर वैशाली रवींद्र—" मी म्हणाले, "ते पेन्सिलीचं राहू द्या. त्याला कॉलम नाही." आणि मला ते नाव ऐकून गंमत वाटली, एवढं आठवतं. वैशाली! त्या बडबडीला वैशाली म्हणायचं? मग पुढचं नाव आलं, पुढचं पान आलं.

काम संपलं. मी रजिस्टरं सुतळीने बांधून रद्दीला काढली. आबांनी ती घरी आणली आणि खाटेखाली सरकवली. दाराजवळचं टेबलही हललं, तिथे बाक आला. सिस्टर दारात चिठ्ठीवर नाव-गाव लिहून घ्यायच्या, चिठ्ठी पडद्याखालून माझ्याकडे यायची, मी काळ्या खिडकीत विचारायचे आणि उत्तर आतूनच मोठ्याने सांगायचे. डॉक्टरसाहेब आबांना म्हणाले, "आबा, फार वर्षं उभे राहिलात, आता आराम करा." आबा घरी बसले. सकाळी दवाखान्याच्या वेळेला तयार होऊन, धुतलेला शर्ट घालून, खाटेवर. आई त्यांना शेंगा फोडायला द्यायची. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मिरवावंसं वाटत होतं. पंचक्रोशीत असा दवाखाना नव्हता.

कापूस वेचायचे दिवस होते. बाजारचा वार, बाहेर बाकावर दाटी. अकराच्या सुमाराला चिठ्ठी आली : वैशाली रवींद्र पाटील, खाली धुळ्याकडचं एक गाव, वय चोवीस, पायात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट घुसलेलं, पाय सुजलाय, सपाटून ताप. मी टाईप केलं. पाटील म्हणजे आमच्याकडे अर्धा तालुका; वैशाली दर दोन घरांआड एक. माझी बोटं अडखळली नाहीत. अर्धविराम दिला. खिडकीने दोन शब्दांत उत्तर दिलं : एम्प्टी सेट. म्हणजे अशी कुणी नाही. मी पडद्यामागूनच ओरडले, "काही नाही, साहेब! नवीन पेशंट आहे!"

नवीन पेशंट म्हणजे आधी टेस्टचा थेंब. तोवर ती तापाच्या ग्लानीत गेली होती, म्हणून डॉक्टरसाहेबांनी सोबतच्या सासूला विचारलं, आधी कधी औषध बाधलंय का. सासू म्हणाली, लग्न होऊन दोन वर्षं झाली, आमच्याकडे तर कधी नाही. खोटं नव्हती बोलली ती बाई. सिस्टरांनी थेंब टोचला. मी पुढची चिठ्ठी उचलली होती. बाकड्यावरून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग कुणीतरी किंचाळलं, मग डॉक्टरसाहेब सिस्टरांवर ओरडले, आणि ते कधी ओरडत नसत म्हणून मी उठून पडदा बाजूला केला.

तिचा पदर डोक्यावरून खाली ओढलेला होता. आधी मला फक्त पाय दिसला, हळदीचा लेप लावून चिंधीने बांधलेला. मग सिस्टरांनी पदर दूर केला. ओठ सुजलेले, चेहरा इतका फुगलेला की मी ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही, किंवा ओळखलं आणि नको म्हटलं, आता कसं सांगू? डॉक्टरसाहेब एकामागून एक इंजेक्शनं देत होते. गाडी आणायला माणूस धावला. गलबला मागच्या गल्लीत पोचला असणार, कारण आबा अनवाणी आले. दारात, जिथे त्यांचं टेबल होतं तिथे, ते थबकले. तिथूनच त्यांनी एकदा बघितलं. एकदाच.

"हाई ते लता शे," आबा म्हणाले. "आत्मारामनी लता. साहेब, लाल शाई! हिला थेंबसुद्धा नाही!"

डॉक्टरसाहेबांनी मान वर केली नाही. त्यांनी जे करायचं ते आधीच चालवलं होतं, आणि ते पुरलं नाही. या खेपेला पुरलं नाही. गाडी दारात येईपर्यंत लता गेली.

सासू भिंतीला टेकून बसली होती. भावाच्या साखरपुड्याला म्हणून लता माहेरी निघाली होती, एसटीत ताप चढला, म्हणून सासू तिला स्टँडवरून थेट दवाखान्यात घेऊन आली. लतानेच सांगितलं होतं, माझ्या ओळखीचा दवाखाना आहे. सासूला माझं नाव माहीत नव्हतं, मी कोण तेही माहीत नव्हतं. ती माझ्याकडेच बघून, जणू मी काही उपाय करीन अशा आशेने, सांगत होती, "बाकवर बसनूत तवय आतून कोना तरी आवाज उना, तशी ती हासनी. मी म्हनू, बाई, सुईनं काही सांगनं शे का डॉक्टरले? ते ती म्हने, आत नंदा शे. तिले बठ्ठं माहीत शे."

नंदा म्हणजे मी. जिला सगळं माहीत होतं ती मी.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. लताचे वडील आत्मारामभाऊ आले, दवाखान्याच्या ओट्यावर बसले आणि कुणी पाणी दिलं ते हातात धरून राहिले. पोलीस आले, जबाब झाले. मला अपेक्षा होती की कुणीतरी माझ्यावर ओरडेल. कुणी ओरडलं नाही. यंत्राला कोण काय बोलणार, आणि माझ्या आवाजाने निर्धास्त झाली होती ती फक्त लता. डॉक्टरसाहेब "माझं नशीब" म्हणाले आणि महिनाभर त्यांनी सुई हातात धरली नाही. आई स्टोव्ह पेटवायची, भाकरी थापायची, ताट माझ्यापुढे ठेवायची, ताट उचलून न्यायची. एकदा मीच बोलले, "आई, तू तरी मला काही बोल गं." ती म्हणाली, "काय बोलू? मना हात चालत नही ठेचा वाटताना. ती तिखट खायची ना." आणि पाट्यापुढे बसून ढसाढसा रडली. मला रडू आलं नाही. मला स्वतःची किळस येत होती.

आज वर्गात मी पोरांना तक्ता करायला सांगते तेव्हा सगळे पहिल्या रकान्यात नाव लिहितात. मी विचारते, तुमच्या आईचं माहेरचं नाव काय? निम्म्यांना ठाऊक नसतं. ते हसतात, बाई काहीतरी भलतंच विचारतात म्हणून. मी त्यांना पुढचं काही सांगत नाही. सांगावं असं दरवर्षी ठरवते.

लताचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी आबांनी धुतलेला शर्ट घातला, खाटेखालची रजिस्टरं दोन पिशव्यांत भरली आणि म्हणाले, "चाल." मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही असं घरात सांगून टाकलं होतं. आबा दारात पिशव्या घेऊन उभेच राहिले. पिशव्या जड होत्या, आबांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. शेवटी मी उठले. मागच्या खोलीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, पडदा मात्र गुंडाळून खिळ्याला अडकवला, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "उघड तुनी खिडकी."

मी द्वारका टाईप केलं. खिडकी उघडली. तक्त्यात रकाना वाढवायचं वाक्य लिहिलं : दुसरं नाव, सासरचं नाव, सासरचं गाव. अर्धविराम दिला. खिडकीने ताबडतोब सांगितलं, झालं. इतकंच. पाणी पिऊन होतं न होतं तेवढ्यात झालं. आबांनी पहिलं रजिस्टर उघडलं आणि कडेची पेन्सिल वाचायला लागले. या वेळी मी "पुढे" म्हटलं नाही. एकेका नावाशी ते थांबले तर मी थांबले, गोष्ट सांगितली तर ऐकली. सुमन होती ती कविता झाली, अमळनेरला. बेबी होती ती ज्योती झाली, पारोळ्याला. त्या गावांतून या बायका तापाने फणफणून कधी येतील, न येतील. कितीतरी दिवस आम्ही ते करत होतो. बाहेर सिस्टर प्रत्येक बाईला विचारत होत्या, माहेर कोणतं, माहेरचं नाव काय.

मग गिरणेपलीकडच्या त्या गावाचं रजिस्टर आलं. आबांनी पान उलटलं. मला आधी लाल शाई दिसली, खालच्या दोन रेघा दिसल्या. मी हात मांडीवर घेतले. आबांनी कडेच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं. "लिख," ते म्हणाले.

"आता काय उपयोग, आबा?"

"नाव शे तिनं. लिख."

मी लिहिलं. वैशाली रवींद्र पाटील, आणि ते धुळ्याकडचं गाव. आबांनी पान उलटलं नाही. ते काळ्या खिडकीकडे बघत होते, म्हणून मीही बघत राहिले. त्या दिवशी चिठ्ठी बघून जो प्रश्न मी विचारला होता तोच अक्षर न् अक्षर पुन्हा टाईप केला, फक्त या वेळी दुसऱ्या नावाच्या रकान्यात शोधायला सांगितलं. अर्धविराम दिला. एक ओळ आली. लता आत्माराम पाटील, आणि टीपेत आबांचे शब्द, टेस्टचा थेंबसुद्धा नाही. शोधायला किती वेळ लागला ते ही खिडकी दर वेळी खाली लिहिते. तिथे लिहिलं होतं, शून्य सेकंद.